सातव्या टोपलीवरचा पाच

मित्रांनो, मी एक जुनी टोपली आहे. टोपली म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर मेथीच्या जुड्या आल्या असतील, तर त्या आधी बाजूला काढा. मी लोखंडाची आहे. जमिनीत रोवलेला एक पाइप, त्याच्या मध्यावर जाळीची परात, वर पत्र्याचं कडं आणि त्या कड्यापासून लोंबणाऱ्या चोवीस साखळ्या. नवीन माणूस मला पाहिलं की हमखास विचारतो, हे कपडे वाळवायचं आहे का? एका बाईनं तर खरोखरच माझ्यावर गोधडी टाकली होती. दुपारपर्यंत वाळवून घेऊन गेली. मी काय बोलणार?

मी डिस्क गोल्फ नावाच्या खेळाची टोपली आहे. लांबच्या रेघेवरून प्लास्टिकची चकती फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी माझ्या साखळ्यांवर आदळून ती परातीत पडली की झालं. कमीत कमी फेकींत जो पोचेल तो पुढे. आमच्या मैदानावर अशा नऊ टोपल्या आहेत. मी सातवी.

आता माझ्या रागाचं कारण ऐका. प्रत्येक टोपलीच्या कड्यावर एक आकडा रंगवलेला असतो, त्याला पार म्हणतात. चांगला खेळणारा माणूस, रोजच्यासारख्या दिवशी, मोठी चूक न करता जितक्या फेकींत पोचेल तितका तो आकडा. बस, एवढंच. तो कुणाला खूश करायला नसतो आणि कुणाची जिरवायलाही नसतो. माझ्या कपाळावर मात्र चार वर्षं चुकीचा आकडा होता. त्या आकड्यानं एका पोरीचं जे नुकसान केलं ते आठवलं की अजूनही डोक्यात तिडीक जाते.

माझा जन्म अकोल्याचा. तिथे नासिरभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. खिडक्यांच्या जाळ्या, शटर, कुलरचे स्टँड अशी त्यांची रोजची कामं. माणूस कमी बोलणारा. कानामागे खडू आणि खिशात टेप. एक माप दोनदा घेतल्याशिवाय पाइपला करवत लावायची नाही, हा त्यांचा कायदा. गिऱ्हाईक कंटाळायचं, चहा पिऊन यायचं, तरी हे मापच घेत बसलेले. या खेळाच्या अमरावतीच्या मंडळानं नऊ टोपल्या सांगितल्या आणि अकोल्याच्या मंडळानं नऊ, तेव्हा नासिरभाईंनी अशी वस्तू कधी पाहिलीसुद्धा नव्हती. मोबाइलवरच्या चित्रावरून त्यांनी मला बनवलं.

मी तयार झाले तेव्हा त्यांची मुलगी रुबीना तेरा वर्षांची होती. तिनं चकती घेतली, गल्लीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि फेकली. चकती माझ्या साखळ्यांवर आदळून खणकन बाहेर पडली. दहा वेळा फेकली, सात वेळा बाहेर. नासिरभाईंनी पाना उचलला. सगळ्या साखळ्या काढल्या, आतून आणखी एक कडं जोडलं, पुन्हा लावल्या. पुन्हा सहा बाहेर. पुन्हा काढल्या. बाजेवर बसलेली तिची आजी रजियाबी करवादायची, की बाप लोखंडाचं झाड लावून राहिला आणि पोट्टी त्याले चकत्या मारून राहिली, अभ्यास कोण करणार? तिसऱ्यांदा मात्र दहाच्या दहा चकत्या परातीत राहिल्या. तेव्हा कुठे नासिरभाईंनी मला रंग दिला.

अठरा टोपल्या अशा तपासता तपासता रुबीनाच्या हातात तो खेळ बसला. मला त्याचा अभिमान होता. आता तो अभिमानच मला खातो.

टेम्पोत बसून मी अमरावतीला आले. चांदूर बाजारच्या रस्त्याला शहराबाहेर एक पडीक जमीन होती. ती मोरोपंत वकिलांची. सत्तरीचे गृहस्थ, राजापेठेत राहणारे, कोर्टात चाळीस वर्षं घालवलेले. पोरांना खेळायला जागा हवी म्हणून त्यांनी ती जमीन आपण होऊन दिली. माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तुम्ही त्यांच्यावर चिडाल, आणि चिडायचं कुणावर हे माझं मलाही कळायला वेळ लागला.

मला नव्वद मीटरवर रोवलं. फेकीच्या रेघेवरून मी सरळ दिसत नाही. मध्ये एक दांडगी चिंच आहे, तिला वळसा घालून यावं लागतं. पहिली फेक चिंचेपर्यंत, दुसरी वळून माझ्या पायाशी, तिसरी साखळीत. खेळाच्या शिक्षिका अनुपमाबाई तेव्हाच म्हणाल्या की ही तीनची वाटते, पण वाटण्यावर लिहू नये. पंधरा दिवस चांगल्या पोरांना खेळू द्या, मी बसून मोजते, मग रंगवा.

पण उद्घाटन चार दिवसांवर होतं. मंडळाचे सचिव गजेंद्रभाऊ यांना फोटोत कोरं कडं चालणार नव्हतं. बाकीच्या आठ टोपल्या सरळसोट होत्या, त्यांचे आकडे बाईंनी त्या चार दिवसांतच मोजून दिले. मी चिंचेआडची, मला वेळ हवा होता. मीच तेवढी कोरी राहिले.

उद्घाटनाला पहिली चकती मोरोपंतांनी फेकायची असं ठरलं, आणि तीही कुठे, तर माझ्याकडे, कारण चिंचेखाली खुर्च्या मांडायला सावली होती. म्हातारा माणूस, हातात पहिल्यांदाच चकती धरलेली. एक चिंचेत अडकली. एक मागेच गेली, ती गजेंद्रभाऊंनी "हातातून सटकली" म्हणून सोडून दिली. आणखी एक अशीच सोडली. असं करत करत मोरोपंत माझ्यापर्यंत पोचले आणि चकती अलगद परातीत टाकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गजेंद्रभाऊंनी मोठ्यानं सांगितलं, साहेबांनी बरोबर पाच फेकींत टोपली गाठली, आणि हिचा ठरलेला आकडाही पाचच आहे. कुणी ठरवला, कधी ठरवला? ब्रश हातात तयारच होता. टाळ्या संपायच्या आत माझ्या कपाळावर पाच.

आपल्याकडे पाहुण्याला कमीपणा येऊ द्यायचा नाही ही रीत आहे. रीत चांगलीच आहे हो. पण पाहुण्याला पुढच्या रांगेत बसवायचं सोडून लोखंडाच्या टोपलीला खोटं बोलायला लावायचं, हे कुठल्या रीतीत बसतं?

मग सुरू झाली माझी कामाची वर्षं. पोरं लाडानं मला "दोनवाली" म्हणायची. चांगली खेळणारी पोरं तीनात पोचायची आणि कागदावर "दोन कमी" लिहायची. आधीच्या सहा टोपल्यांवर गचाळ खेळलेलं पोट्टंही माझ्याकडे आलं की छाती काढून परत जायचं. सगळ्या मैदानात माझंच कौतुक. माझ्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे. मला त्या कौतुकाचा वीट आला होता. मी काय प्रसाद वाटायला उभी होते?

अनुपमाबाईंनी मात्र नाद सोडला नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि मग दिवाळीत, सकाळच्या वेळी, त्या चिंचेखाली वही घेऊन बसायच्या. चांगल्या खेळाडूंच्या शंभर फेऱ्या त्यांनी टिपल्या. एकसष्ट वेळा तीन. चोवीस वेळा चार. अकरा वेळा दोन. आणि पाच फक्त चार वेळा, तेही वारा सुटलेल्या दिवशी. आता आणखी काय पुरावा पाहिजे? वही घेऊन त्या सभेत गेल्या. सभा कसली, चिंचेखाली चहा आणि पोहे. गजेंद्रभाऊ म्हणाले की बाई, आकडा बरोबर असेल, पण तो साहेबांचा आकडा आहे, त्यांच्या हयातीत कसा पुसायचा? कुणी म्हणालं, मग चार करा, ना तुमचं ना आमचं. बाई म्हणाल्या की हा काय भाजीचा भाव आहे मधला धरायला? तिथेच बोलणं संपलं. पुढच्या सभेतही असंच झालं आणि तिसऱ्या सभेला पोहे संपले म्हणून लोक लवकर उठले. माझ्या कपाळावरचा पाच फक्त दरवर्षी नव्या रंगानं घोटला जायचा.

मी साखळ्या वाजवायची. लोक म्हणायचे, वाऱ्यानं किती छान आवाज येतो.

आणि मग ते झालं. राज्याच्या स्पर्धेसाठी अठराच्या आतल्या गटात अकोला आणि अमरावती मिळून एका मुलीची जागा आली. एकच जागा. दोन्हीकडच्या मुलींना एका मैदानावर खेळवा, असं अनुपमाबाईंनी सांगून पाहिलं. पण शाळांच्या परीक्षा, आईबापांच्या अडचणी, शेवटी ठरलं की एकाच रविवारी सगळ्यांनी आपापल्या मैदानावर दोन फेऱ्या खेळायच्या, आणि लिहिलेल्या आकड्यांपेक्षा जिच्या फेकी सगळ्यांत कमी भरतील तिला पाठवायचं. म्हणजे आता माझ्या कपाळावरचा आकडा गंमत राहिला नव्हता. त्यावर एका पोरीचं जाणं ठरणार होतं.

आमच्याकडून जुईली खेळली. सोळा वर्षांची, शांत, हात साफ. माझ्याकडे दोन्ही फेऱ्यांत तिनं तीन-तीन फेकी घेतल्या. पाचाच्या हिशेबानं प्रत्येक वेळी दोन कमी, म्हणजे एकट्या माझ्यावर चार कमी. तिची सगळी बेरीज आली पाच कमी. माझे चार काढा, राहतो एक.

अकोल्यात रुबीना खेळली. ती आता सतरा वर्षांची होती, आणि स्पर्धेनंतरच्या महिन्यात तिला अठरा पूर्ण होणार होती. तिची ही शेवटची संधी होती. तिथल्या टोपल्यांवरचे आकडे महिनाभर मोजून लिहिलेले, त्यात कुणाला काही फुकट मिळत नाही. त्या कडक आकड्यांवर ती चार कमी खेळली.

पाच कमी आणि चार कमी. जुईलीचं नाव गेलं.

तुम्हीच सांगा, मित्रांनो, मी काय करायला पाहिजे होतं? ज्या पोरीनं मला दहा-दहा वेळा तपासून उभं केलं, तिलाच मी हरवलं होतं. आणि हे मला त्या दिवशी ठाऊकही नव्हतं. आमच्याकडे पेढे वाटले गेले. एक पेढा कुणीतरी हसत हसत माझ्या परातीत ठेवला. मुंग्यांनी खाल्ला.

आठ-दहा दिवसांनी पोरं माझ्यावर लोंबकळली आणि माझा पाइप वाकला. दुरुस्तीला नासिरभाईंना बोलावलं. ते अकोल्याहून एसटीनं आले, बरोबर रुबीना होती. आपण ज्या मैदानामुळे मागे पडलो ते एकदा बघायचं, म्हणून आली होती. रविवार सकाळ, जुईलीही सरावाला आलेली, अनुपमाबाई तिथेच. वडील पाइप सरळ करत होते तोवर रुबीनानं पहिल्या टोपलीपासून खेळायला सुरुवात केली. सहा टोपल्या झाल्या. आकडे बरोबर होते, ती पुढे निघाली. मग ती माझ्याकडे आली. पाइप उभा झालेला होता. तिनं चिंचेला वळसा घातला आणि तीन फेकींत चकती साखळीत. वर पाहिलं. कपाळावर पाच.

ती मागे गेली. पुन्हा फेकली. पुन्हा तीन. मग तिनं चकती डाव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं खेळली. तेव्हा झाले पाच.

"बाई," ती अनुपमाबाईंना म्हणाली, "इथं पाच काहून लिवलं?"

बाईंनी पिशवीतून वही काढून तिच्या हातात दिली. रुबीनानं पानं उलटली. तिला गणित करायला वेळ लागला नाही, जुईलीलाही लागला नाही. जुईलीचा चेहरा एकदम उतरला. तेवढ्यात गजेंद्रभाऊ स्कूटरवरून आले. सगळं कळल्यावर तेही गांगरले, पण तोंडातून जुनंच निघालं, की तो वकीलसाहेबांचा आकडा आहे, त्यांचा मान आहे.

नासिरभाईंनी हातातला हातोडा खाली ठेवला. "भाऊ, मी खिडकीचं माप घेतो," ते म्हणाले. "घरमालक मोठा असो का लहान, खिडकी तेवढीच राह्यते."

अनुपमाबाईंनी सरळ मोरोपंतांना फोन लावला. अर्ध्या तासात ते ऑटोनं आले. काठी टेकत चिंचेखाली पोचले, गजेंद्रभाऊंकडून सगळी हकिकत ऐकली आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. चार वर्षांत ते पहिल्यांदाच मैदानावर येत होते. चष्मा पुसून त्यांनी तो पाच पाहिला.

"गजेंद्र, मी त्या दिवशी सात फेकल्या होत्या," ते म्हणाले. "दोन तुम्ही मोजल्या नाहीत, ते मला दिसलं. चारचौघांत म्हाताऱ्याची लाज राखली म्हणून मी गप्प बसलो. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी तुम्ही पुसून टाकलं असेल. मला एकदा विचारलं का नाही रे?"

ऐकलंत? चार वर्षं जो मान सांभाळून ठेवला होता, तो ज्याचा होता त्यानं कधी मागितलाच नव्हता. राजापेठ काही लंडनला नाही. ऑटोनं वीस मिनिटं. पण विचारायला कुणी गेलं नाही. मला त्या क्षणी गजेंद्रभाऊंचाही राग येईना, मोरोपंतांचाही येईना. राग कुठे ठेवावा तेच समजेना.

मोरोपंतांनी तिथूनच राज्याच्या मंडळाला फोन केला. वकिलाच्या आवाजात, मुद्देसूद, चूक आमची आहे असं स्पष्ट सांगून. पलीकडून उत्तर आलं की यादी बंद झाली आहे. निवडलेली मुलगी नाव मागे घेऊ शकते, पण तिच्या जागी दुसरं नाव लागणार नाही. नियम आहे. त्यांनी तीन वेळा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तिन्ही वेळा तेच.

जुईली रडकुंडीला आली होती. म्हणाली, मी जात नाही.

रुबीना तिच्याकडे न बघता म्हणाली, "जायचं तं जा, नाही तं नको जाऊ. माहं तं गेलंच."

मोठ्या मनाचं काहीतरी ती बोलेल असं सगळ्यांना वाटलं असणार. ती नाही बोलली. मला ते आवडलं. नासिरभाई तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले, तर ती बाजूला सरकली आणि माझ्या साखळ्या नीट करत बसली. गुंतलेल्या दोन साखळ्या तिनं सोडवल्या. त्या गुंतलेल्या आहेत हे चार वर्षांत तिथल्या कुणाला दिसलं नव्हतं.

गजेंद्रभाऊंनी घाईघाईनं रंगाचा डबा आणला. त्यांना ताबडतोब तीन लिहून मोकळं व्हायचं होतं. म्हणाले, ही पोरगी दोनदा तीनात आली, आता तीनच.

तेव्हा रुबीना उठली. "माह्या फेकीवर नका लिहू," ती म्हणाली. "मी आज तीनात आली, उद्या चारात येईन. बाईच्या वहीत शंभर हाय, थे पाहा."

मग सगळे जण वहीभोवती उभे राहिले. मोरोपंतांनी पानं मोठ्यानं वाचली, एकसष्ट, चोवीस, अकरा, चार. आकड्यावर आकडा, हरकत कुणाची नाही. नासिरभाईंनी पॉलिश पेपरनं माझं कपाळ घासलं. चार वर्षांचे चार थर होते, निघता निघेनात. शेवटी खाली लोखंड दिसलं. ते कोरड्या फडक्यानं पुसून अनुपमाबाईंनी स्वतः तीन लिहिला. दुपारच्या एसटीनं बापलेक अकोल्याला परत गेले.

जुईली स्पर्धेला गेली. तिनं जावंच असं बाईंनी तिला समजावलं, कारण ती थांबली असती तर कुणाचंच काही व्हायचं नव्हतं. पण त्यानंतर ती माझ्याकडे खेळायला आली की नेम चुकतो तिचा. तिचा काय दोष होता? तिच्या खेळात खोट नव्हती, आणि तरी खोटेपणाचं ओझं तिच्याच वाट्याला आलं. चुकीच्या आकड्यानं दोन पोरींचं नुकसान केलं, एकीचं नाही.

आणि आता पोरं काय म्हणतात ठाऊक आहे? सातवी टोपली कठीण केली म्हणतात. परवा एक जण माझ्या पाइपला लाथ मारून गेला. अरे बाप्पा, टोपली तीच, चिंच तीच, अंतर तेच! मी कठीण झाले नाही. तुम्हाला फुकट मिळत होतं ते बंद झालं, एवढंच. आता माझ्याशेजारी कुणी फोटो काढत नाही. रंग उडाला आहे, परातीत पानं साचतात, ती काढायलाही कुणी येत नाही. नाही आलं तरी चालेल. कपाळावर खरं लिहिलेलं असलं की एकटं उभं राहता येतं.

पण मित्रांनो, माझं एवढं ऐका. कुणाचा मान करायचा असेल तर खुशाल करा. खुर्ची द्या, हार घाला, उठून उभे राहा. मापाला मात्र हात लावू नका. एखादा आकडा लिहिण्याआधी मोजा, आणि चुकला असेल तर त्याच दिवशी पुसा, कारण तो आकडा पुढे कुणाच्या वाटेत उभा राहील हे लिहिणाऱ्याला कधीच माहीत नसतं. आणि आमच्यासारख्या मुक्या वस्तूंची काळजी घ्यायची म्हणजे नुसता रंग द्यायचा असं नाही. आमच्याकडून खोटं बोलून घेऊ नका.

रुबीनाला गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. त्या गटात तिला आता खेळता येणार नाही. तो नियम कुणाच्याही मानासाठी कुणी वाकवत नाही.